साडेदहा किलोमीटरची प्लेट

चि. सौ. सूनबाईस,

तुझ्या सासऱ्यांचे भरभरून आशीर्वाद, आणि ज्या नव्या पाहुणीने आम्हा दोघांना एका झटक्यात आजी-आजोबा करून टाकलं तिला, गालाला हात न लावता (तुझ्या आईने गेल्या खेपेला मला त्यावरून टोकलं ते लक्षात आहे), लांबूनच एक पापा. तुझी प्रकृती कशी आहे? कंबर दुखायची थांबली का? डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं आहे तर पडूनच राहा. इकडे सगळं ठीक आहे. तुझ्या सासूबाईंचा गुडघा हवा बदलली की कुरकुरतो, पण गुडघा कुरकुरला की त्या स्वतः गप्प असतात, त्यामुळे घरातला एकूण आवाज तेवढाच राहतो. आमचे चिरंजीव, म्हणजे तुझे यजमान, फरशीच्या दुकानात वेळेवर जातात, वेळेवर येतात आणि मधल्या वेळात गिऱ्हाइकांना मुलीचे फोटो दाखवतात. (एका गिऱ्हाइकाने म्हणे घाईघाईत फोटो बघून ‘यात मोठी साइझ येते का’ असं विचारलं. मी यावर विश्वास ठेवलेला नाही.)

आता शाळेबद्दल. तुझ्यासमोर शाळेचं नाव काढायचं नाही असा तुझ्या सासूबाईंचा हुकूम आहे, कारण त्यांच्या मते ‘वर्ग’ हा शब्द नुसता कानावर पडला तरी तू बाळाला काखोटीला मारून दुसऱ्या दिवशी हजेरीपटासमोर उभी राहशील. म्हणून हे पत्र मी स्टाफरूममध्ये बसून लिहितो आहे, आणि तेही तू काळजी करू नयेस एवढ्यासाठीच. काळजी करण्यासारखं काहीही घडलेलं नाही. जे घडलं ते असं.

तू रजेवर गेलीस आणि थोड्याच दिवसांत मोठ्या बाई आपल्या घरी आल्या. मुख्याध्यापिका घरी येतात तेव्हा चहा घेऊन लगेच उठतात; या वेळी त्यांनी चहा घेतला आणि उठल्या नाहीत, तेव्हाच मी ओळखलं की पाणी कुठेतरी मुरतं आहे. संस्थेच्या सचिवांचं म्हणणं असं पडलं होतं की वरच्या वर्गाचं भौतिकशास्त्र असं वाऱ्यावर सोडता येत नाही. त्यांनी शिकवणीचे वर्ग चालवणारा एक इसम हेरून ठेवला होता. तो इसम यायला तयार होता, पण एका अटीवर: आला की कायमचा. म्हणजे तू रजा संपवून परत येशील तेव्हा तुझ्या खुर्चीवर हा बसलेला. (माणूस वाईट नसावा. पण त्याच्या फलकावर ‘यशाची खात्रीशिर हमी’ असं लिहिलेलं आहे. ‘शीर’ ऱ्हस्व, आणि खात्री असताना वर हमी कशाला? ज्याला दोन शब्दांत दोन चुका करता येतात तो पानभर गणितात काय करेल याचा तूच विचार कर.) मोठ्या बाई बिचाऱ्या म्हणाल्या, दुसरं कोणी मिळालं तर मी सचिवांना थोपवून धरीन, पण कोणी मिळत नाही. मी म्हटलं, मी आहे.

त्यांनी रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला. मग अत्यंत आदराने म्हणाल्या, “सर, तुम्ही भाषेचे.”

“पुस्तक कुठल्या भाषेत आहे?” मी विचारलं.

पुस्तक मराठीत आहे हे त्यांना नाकारता येईना. ज्या शाळेत मी आयुष्यभर व्याकरण शिकवलं, ज्या शाळेत मोठ्या बाई नवीन लागल्या तेव्हा त्यांच्या पहिल्या सूचनापत्रकातल्या वेलांट्या मी दुरुस्त केल्या, तिथे मला नाही म्हणणं त्यांना जड गेलं. शेवटी असं ठरलं की मी एक धडा पुरा करायचा, मग त्या आणि सचिव वर्गात मागे येऊन बसणार, आणि त्यांचं समाधान झालं तर तू येईपर्यंत वर्ग माझ्याकडे. नाही झालं तर खात्रीशिर हमी. धडा कुठला, तर धारित्र, ज्याला बाजारात कपॅसिटर म्हणतात ते.

पहिला तास उत्तम झाला. धारित्र म्हणजे जे विद्युतभार धारण करतं ते, आणि किती धारण करतं ती धारिता. धृ धातूपासून धरणी, धरण, धीर, धैर्य, आधार, आणि आपल्या शेजारच्या धारपकाकांचं आडनावसुद्धा (हे शेवटचं मी ओघात सांगितलं, त्याला आधार नाही) असा सगळा गोतावळा मी फळ्यावर मांडला. मुलं खूश होती, कारण एकही आकडा आला नव्हता. रचना समजवायलाही अडचण आली नाही. दोन सपाट धातूच्या प्लेट, समोरासमोर, एकमेकींना न शिवणाऱ्या, मध्ये जराशी हवा. मी म्हटलं, एका स्वयंपाकघरातल्या दोन जावा डोळ्यांसमोर आणा. जितक्या जवळ उभ्या राहतील तितकं जास्त साठेल, आणि चुकून धक्का लागला की सगळं एका क्षणात बाहेर. हे वर्गाला इतकं पटलं की त्या दिवशी संध्याकाळी दोन पालकांचे फोन आले.

घोडं अडलं ते धड्याच्या शेवटच्या उदाहरणावर. तुला ते पाठ असेल: दोन प्लेटमधलं अंतर एक मिलीमीटर असेल आणि धारिता एक फॅरड हवी असेल, तर प्लेटचं क्षेत्रफळ काढा. सूत्र दिलेलं होतं. क्षेत्रफळ म्हणजे धारिता गुणिले अंतर, आणि त्याला भागायचं एका चिन्हाने. ते चिन्ह म्हणजे उलटा तीन आणि त्याच्या पायाशी बारीकसं शून्य. मुलं त्याला ‘एप्सिलॉन नॉट’ म्हणत होती. नॉट म्हणजे नाही, एवढं इंग्रजी मलाही येतं. आणि खाली शून्य छापलेलं. दोन स्वतंत्र साक्षीदार एकच गोष्ट सांगताहेत म्हटल्यावर मी त्याची किंमत शून्य धरली. (यात माझं काय चुकलं ते मला भाषेच्या अंगाने अजूनही कळलेलं नाही.) शून्याने भागलं की अनंत येतं हे मला माझ्या गणिताच्या मास्तरांनी छडीच्या साक्षीने शिकवलं होतं. तेव्हा मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: प्लेटचं क्षेत्रफळ अनंत. आणि उरलेला तास त्या अनंत प्लेटवर असा काही बोललो, की तिला आदि नाही, अंत नाही, कडा नाही, कोपरा नाही, की शेवटच्या बाकावरच्यांनीसुद्धा झोप मोडून ऐकलं.

तुझ्या वर्गात पहिल्या बाकावर एक मुलगी बसते, जिला स्टाफरूममध्ये शंकासूर म्हणतात. तिने हात वर केला. “सर, एक प्लेट अनंत असेल, तर दुसरी कुठे ठेवायची?”

मी म्हटलं, तिच्या शेजारी, एक मिलीमीटरवर. ती बसली. पण बसण्याच्या पद्धतीवरून मला कळलं की ती उठणार आहे.

दुसऱ्या दिवशी ती ग्रंथालयातलं जाडजूड पुस्तक घेऊन आली आणि तास सुरू होण्याआधी टेबलाशी येऊन हळू आवाजात म्हणाली की सर, ते शून्य म्हणजे किंमत नाही, ते नुसतं नावाचं आहे. जसं पहिला, दुसरा म्हणतात तसं. खरी किंमत अशी आणि अशी आहे. पोरीने चारचौघांत न सांगता टेबलाशी येऊन सांगितलं, याचं मला फार बरं वाटलं, आणि त्यामुळेच ते लपवून ठेवणं शक्य होईना. मी वर्गाला म्हटलं, काल आपण जे अनंत लिहिलं ते खोडा, चूक माझी आहे. सगळ्या वर्गाने खोडलं. पण अनंत वहीतून खोडता येतं, गावातून खोडता येत नाही. शिकवणीवाल्या इसमाच्या वर्गाला आपलीच चार मुलं जातात, त्यामुळे संध्याकाळपर्यंत ही कथा बाजारपेठेत पोचली. केस कापायला गेलो तर कारागिराने चादर गळ्याशी बांधता बांधता विचारलं, सर, ते अनंत प्लेटचं खरं का? सचिवांच्या कानावर तर ते गेलंच. मोठ्या बाईंचा निरोप आला की येत्या शुक्रवारीच आम्ही दोघं तासाला बसतो.

मी पुन्हा बसलो. या वेळी योग्य किंमत घेऊन. ती किंमत म्हणजे शून्य, पूर्णविरामासारखा एक दशांश, मग अकरा शून्यं आणि मग कुठे आठ पूर्णांक पंचाऐंशीचे आकडे. (त्यांनी सरळ शून्यच म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं, असं वाटण्याइतकी ती लहान आहे.) जेवणाच्या टेबलावर कागद पसरून भागाकार केला. उत्तर आलं अकरा कोटी तीस लाख चौरस मीटर. म्हणजे चौकोनी प्लेट घेतली तर तिची एक बाजू साडेदहा किलोमीटरहून थोडी जास्त. मी कागद उलटा करून पुन्हा केला. तेच. सकाळी ताज्या डोक्याने केला, दुपारी जेवून केला, एकदा रागाने केला. तेच. आपलं गाव, भोवतालच्या शेतांसकट, नदीच्या दोन्ही काठांसकट, त्या प्लेटवर ठेवलं तर कडेने सायकल फिरवायला जागा राहील.

तुझ्या सासूबाई समोर भाजी चिरत होत्या. त्यांनी विचारलं, एवढ्या मोठ्या भांड्यात साठणार तरी काय? मी म्हटलं, एक व्होल्टला एक कूलोम. म्हणजे किती? ते मला सांगता आलं नाही. त्या म्हणाल्या, मग आधी ते बघा, भांडं मागाहून घेऊ. इतक्यात चिरंजीव दुकानातून आले. त्यांना क्षेत्रफळ म्हटलं की दुसरं काही दिसत नाही. कागद बघून त्यांनी खिशातला कॅल्क्युलेटर काढला आणि म्हणाले, दोन फुटी फरशी धरली तर एका प्लेटला एकतीस कोटी चाळीस लाख नग, तुटफूट वेगळी. दोन प्लेट म्हणजे दुप्पट. मग जरा थांबून, “बाबा, माल एकदम हवाय की टप्प्याटप्प्याने?” हा मुलगा तू पसंत केलास तेव्हा मी तुला सर्व बाजूंनी विचार करायला सांगितला होता, एवढंच लिहितो.

वर्गालाही मी तेच उदाहरण घरी करायला दिलं होतं. बहुतेकांचं उत्तर माझ्याशी जुळलं. (ज्यांचं जुळलं नाही त्यांचं एकमेकांशीही जुळेना.) पण जुळूनही कोणाचा विश्वास बसेना. एक जण म्हणाला, सर, सूत्रच चुकीचं छापलं असेल. दुसरा म्हणाला, सर, तुम्ही शून्यं पुन्हा मोजून बघा ना. आदल्या खेपेला मी साफ चुकलो होतो तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या, आणि आता बरोबर असताना एकही मान हलत नव्हती. शंकासूरसुद्धा गप्प होती, आणि ते मला सगळ्यात झोंबलं.

गुरुवारी घरात सल्लामसलत झाली. तुझ्या सासूबाईंचं मत, शुक्रवारी गणित बाजूला ठेवा, व्याख्या घ्या, धृ धातू घ्या, तास छान होईल आणि सचिव चहा पिऊन जातील. चिरंजीवांचं मत, दहा मीटर सांगा आणि मोकळे व्हा, सचिव काय फीत घेऊन मोजायला येणार आहेत? दोघांच्याही बोलण्यात तथ्य होतं, आणि तुला खोटं का सांगू, मी रात्रीच्या जेवणापर्यंत डळमळत होतो. पण सूनबाई, चुकीचं उत्तर मी छाती पुढे काढून सांगितलं होतं. आता बरोबर उत्तर भीतीपोटी छाटून दहा मीटरचं केलं, तर त्या पोरांनी माझ्याकडून काय शिकायचं? आणि खुर्ची तुझी आहे. ती राखायला बसलेल्या माणसाने तिच्यावर बसून थापा मारल्या तर ती राखली काय आणि गेली काय. मी ताटावरून उठलो आणि जाहीर केलं की साडेदहा किलोमीटर सांगणार, एक मीटरही कमी करणार नाही. तुझ्या सासूबाई म्हणाल्या, निदान हात धुवून सांगा.

हात धुताना सुचलं. एकतीस कोटी चाळीस लाख फरश्यांच्या जोड्या मिळून एक फॅरड होणार असेल, तर एका जोडीची धारिता त्याचा एकतीस कोटी चाळीस लाखावा हिस्सा असायलाच हवी. डोंगर वर्गात नेता येत नाही, पण त्यातला एक धोंडा तर नेता येईल. हिशेब केला: तीन पूर्णांक दोन नॅनोफॅरड. (नॅनो म्हणजे अब्जावा भाग. अब्ज हा शब्द मी आजवर फक्त लिहायला शिकवला होता, कधी वापरला नव्हता.) तुझ्या प्रयोगशाळेच्या कपाटात एवढी धारिता मोजणारं मीटर आहे हे मला माहीत होतं, कारण त्यावर तू ‘वापरून झाल्यावर बंद करणे’ अशी शुद्ध मराठीत चिठ्ठी लावली आहेस. चिरंजीवांनी दोन गुळगुळीत फरश्या, आणि फरशी समतल करताना खाली सरकवतात त्या प्लास्टिकच्या मिलीमीटरभर जाडीच्या चकत्या दिल्या. स्वयंपाकघरातला चंदेरी कागद तुझ्या सासूबाईंनी दिला, म्हणजे मी घेतला. फरश्यांच्या एकेका अंगाला तो ताणून चिकटवला, आणि झाल्या दोन प्लेट.

शुक्रवारी सकाळी दुकानाचा टेम्पो शाळेच्या फाटकाशी थांबला. एकेक फरशी इतकी जड की मी आणि पहारेकरी मिळून एक उचलायची, जिन्याच्या वळणावर टेकवायची, श्वास घ्यायचा आणि पुन्हा उचलायची. नेमके वरच्या पायरीवर सचिव उभे. त्यांनी फरशी बघितली आणि त्यांचा चेहरा लाल झाला. प्रयोगशाळेची फरशी बदलायला परवानगी कोणी दिली, असं त्यांनी पहारेकऱ्याला विचारलं. पहारेकऱ्याने फरशीचं आपलं टोक न सोडता सांगितलं की मला काही माहीत नाही, पण साडेदहा किलोमीटर करायची आहे म्हणे. (मीच त्याला जिन्यात धाप लागू नये म्हणून बोलण्यात गुंतवलं होतं.) सचिव तिथून जे वळले ते थेट वर्गात जाऊन शेवटच्या बाकावर घडी घातल्यासारखे बसले. मोठ्या बाई त्यांच्या शेजारी. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

मी उत्तर फळ्यावर लिहिलं. चौकोन काढला आणि बाजूवर साडेदहा किलोमीटर असं स्वच्छ अक्षरात घातलं. सचिव खाकरले. म्हणाले, “सर, परवा अनंत होतं, आज साडेदहा किलोमीटर. असंच चालू राहिलं तर पुढच्या आठवड्यात शाळेच्या मैदानात बसेल.”

वर्ग हसला. मीही हसलो, कारण वाक्य चांगलं होतं. मग म्हटलं, माझ्यावर विश्वास ठेवू नका, मी परवा चुकलोच होतो. पण या दोन फरश्यांचं उत्तर याच सूत्राने तीन पूर्णांक दोन येतं. ते मी आधी फळ्यावर लिहून ठेवतो, आणि मग मीटर काय म्हणतं ते बघू. एक फरशी टेबलावर ठेवली, चार कोपऱ्यांना आणि मध्यावर चकत्या, वर दुसरी फरशी, चंदेरी बाजू आतल्या अंगाला. मीटरचे दोन चिमटे दोन कागदांना लावले.

मीटरवर आकडाच येईना.

तुला सांगतो, त्या वेळी वर्गात जी शांतता पसरली तिच्यात मला तो शिकवणीवाला इसम तुझ्या खुर्चीची उंची कमीजास्त करताना ऐकू आला. चिमटे काढून लावले, मीटर बंद करून चालू केलं, काही नाही. सचिवांनी घड्याळ बघितलं. तेवढ्यात शंकासूर उठली, टेबलापाशी आली आणि डोळे फरशीच्या पातळीला आणून चारी बाजूंनी वाकून बघत फिरली. मग म्हणाली, “सर, इथे जावांचा धक्का लागलाय.” एका कडेचा कागद सुटून खाली लोंबत होता आणि दुसऱ्या प्लेटला टेकला होता. तिने नखाने तो वर दुमडला.

मीटरवर आकडा आला. दोन पूर्णांक नऊ.

पोरं बाकांवर उभी राहिली. मी त्यांना बसा म्हटलं नाही. सचिव मात्र पुढे आले, फळ्याकडे बघितलं, मीटरकडे बघितलं, आणि म्हणाले, “तुमचं तीन पूर्णांक दोन आहे, हे दोन पूर्णांक नऊ. म्हणजे चुकलंच की.” आणि हे वाक्य ठासून सांगण्यासाठी त्यांनी वरच्या फरशीवर आपला तळहात रोवला. सचिवांचा देह तुला माहीत आहे. मीटरवर तीन झालं. मग तीन पूर्णांक एक.

त्यांनी हात उचलला. आकडा उतरला. पुन्हा हात ठेवला, आकडा चढला. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी टेबलाखाली बसून कळ फिरवतो आहे. मी काही बोलणार तेवढ्यात मागच्या बाकावरून, ज्या बाकावरून मी या वर्गात घोरण्याखेरीज काही ऐकलं नव्हतं, आवाज आला: “सर, तुम्ही दाबता म्हणून अंतर कमी होतं. अंतर कमी झालं की धारिता वाढते.” दुसरा म्हणाला, कागदाला सुरकुत्या आहेत म्हणून आधी कमी आलं. तिसरीने विचारलं, चकती मोजली का कोणी, ती बरोबर एक मिलीमीटरच आहे कशावरून? मग जो गलका झाला त्यात सचिवांना चोहोबाजूंनी भौतिकशास्त्र शिकवलं जात होतं आणि मला बोलायला जागाच नव्हती. सचिवांनी कोट काढून खुर्चीवर टाकला, दोन्ही हात फरशीवर रोवले आणि तीन पूर्णांक दोनवर आणून सोडलं. नंतर बराच वेळ ते तीन पूर्णांक तीन होतं का ते बघत होते.

गलका शमल्यावर शंकासूरने हात वर केला. मी मनाची तयारी केली. ती म्हणाली की सर, साडेदहा किलोमीटर आता पटलं, पण एक फॅरडचं धारित्र बाजारात तयार मिळतं, मी चित्र बघितलंय, ते नाण्याएवढं असतं. मग त्याची प्लेट कुठे जाते?

सगळा वर्ग माझ्याकडे वळला. मोठ्या बाई वळल्या, सचिवांनी फरशीवरचे हात न उचलता मान वळवली. मला थापा सुचत नव्हत्या असं नाही, भाषेच्या माणसाला त्या सुचतात. मी म्हटलं, हे मला माहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्या बाई रजेवर आहेत, आणि त्या परत आल्या की सांगतील.

मोठ्या बाई उठल्या, फळ्यापाशी गेल्या आणि त्यांनी तो प्रश्न फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात स्वतःच्या हाताने लिहिला, भोवती चौकट आखली आणि खाली ‘पुसू नये’ असं लिहिलं. मग सचिवांना म्हणाल्या, “मग त्यांनाच येऊ दे. तोवर सर आहेत.” सचिव म्हणाले, काही हरकत नाही, आणि या फरश्या सोमवारपर्यंत इथेच राहतील ना?

तर हे असं आहे. तुझा वर्ग जागेवर आहे, खुर्ची जागेवर आहे, आणि तुझी रजा तू एक दिवसही कमी करायची नाहीस, हे मी सासरा म्हणून नव्हे तर प्रभारी शिक्षक म्हणून सांगतो आहे. मुलं तुझी आठवण काढतात. मी त्यांना तुझ्याबद्दल फार सांगत नाही, नाहीतर तास निघून जातो. तुझ्या आईवडिलांना माझा नमस्कार सांग, आणि आमच्या छोटीला सांग की तिचे आजोबा आता आकड्यांना भीत नाहीत, फक्त त्यांच्याशी जपून बोलतात.

तुझा,
बाबा

ता. क. : मूळ मुद्दा राहिलाच. ते नाण्याएवढ्या धारित्राचं काय गौडबंगाल आहे ते सवडीने एका ओळीत कळवशील का? मला स्वतःला घाई नाही. पण मुलं रोज विचारतात, पहारेकरी विचारतो, आणि काल सचिवांचा फोन आला होता.

आणखी एक ता. क. : पुढचा धडा विद्युतधारेचा आहे. मी तो वाचायला घेतला आहे. धारा हा शब्द ओळखीचा आहे, बाकीचं अजून बोलायला लागलेलं नाही.

सासूबाईंचा ता. क. : सूनबाई, पाकीट मागायला आले आणि माझ्याकडे न बघता मागितलं तेव्हाच ओळखलं, म्हणून उघडून वाचलं. बरं झालं लिहिलं, नाहीतर मीच लिहिणार होते. एक गोष्ट मात्र यांनी तुला सांगितलेली नाही. त्या नाण्याचं उत्तर यांना सापडलेलं आहे. ग्रंथालयातून पुस्तक आणलं होतं, काल दुपारी वाचता वाचता टेबलावर हात मारून उठले आणि मला सगळं समजावून सांगितलं: आत कसलीशी कोळशासारखी भुकटी असते, तिच्या बारीक बारीक छिद्रांमध्येच ती सगळी साडेदहा किलोमीटर दडलेली असते, आणि मधलं अंतर तर मिलीमीटरही नसतं, नुसतं नावाला असतं. मलासुद्धा कळलं. मी म्हटलं, मग उद्या वर्गात सांगून टाका. तर म्हणाले, तो प्रश्न सूनबाईचा आहे, तिच्यासाठी ठेवलाय. पुस्तक परत करून आले आणि माझ्याखेरीज कोणाला बोलले नाहीत.

तेव्हा तू उत्तर लिही, ते पहिल्यांदा ऐकल्यासारखे वाचतील. पण एका ओळीत आटपू नकोस. दोन पानं तरी लिही.